खोक्यावरच्या '१०८०पी'पलीकडे: कमी पैशात चांगलं चित्र देणारा डीव्हीडी प्लेअर कसा निवडावा

डीव्हीडी प्लेअरच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात 'फुल एचडी १०८०पी अपस्केलिंग' असं छापलेलं असतं. दुकानदारही तेच वाचून दाखवतो. घरी आणून तो प्लेअर ५५ इंची टीव्हीला जोडला की चित्र जेमतेमच दिसतं आणि दोष बिचाऱ्या डिस्कला जातो. माझं म्हणणं असं की अपस्केलिंग, म्हणजे लहान चित्र पडद्याच्या मापाला वाढवणं, हा स्वस्त प्लेअर निवडण्याचा निकषच नव्हे. खरा निकष खोक्यावर छापत नाहीत. तो तपासायला पैसे पडत नाहीत, फक्त घरच्या चार डिस्क पिशवीत घालून दुकानात जावं लागतं.

आता डीव्हीडी कोण बघतं, असं विचारणाऱ्यांनी आपल्याच घरातलं टीव्हीखालचं कपाट उघडून बघावं. लग्नाची, मुंजीची डिस्क असते. कुठल्याच ओटीटीवर न सापडणारे मराठी चित्रपट असतात, नाटकांची चित्रीकरणं असतात. २००७च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा तर भाजीबरोबर डिस्क घरी येऊ लागल्या. कंपनी गेली, डिस्क राहिल्या. आणि दरम्यान २१ इंची डब्याच्या जागी भिंतीवर फोरके टीव्ही आला.

डिस्कवर मुळात किती चित्र असतं

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली. तेव्हाचे टीव्ही डोळ्यांपुढे ठेवून तिचं माप ठरलं. आपल्याकडच्या पॅल पद्धतीच्या डिस्कवर ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं चित्र असतं, अमेरिकी एनटीएससी पद्धतीच्या डिस्कवर ७२० बाय ४८०. फुल एचडी टीव्हीवर १९२० बाय १०८० ठिपके असतात. गुणाकार करून बघा, पॅल डीव्हीडीच्या बरोबर पाचपट. फोरके टीव्हीवर बरोबर वीसपट.

म्हणजे फोरके पडद्यावरच्या दर वीस ठिपक्यांपैकी एकाचीच माहिती डिस्कवर आहे, उरलेले एकोणीस कोणीतरी अंदाजाने भरायचे. हे भरणं म्हणजेच अपस्केलिंग. ते प्लेअरने केलं नाही तर टीव्ही करतो, कारण केल्याशिवाय पडदाभर चित्र येणारच नाही. त्यामुळे 'या प्लेअरमध्ये अपस्केलिंग आहे' याला फारसा अर्थ नाही. ते टीव्हीतही आहेच. बहुतेक वेळा टीव्हीतलं बरंही असतं, कारण तीस-चाळीस हजारांच्या टीव्हीतल्या प्रोसेसरपुढे अडीच हजारांच्या प्लेअरमधली चिप कितीशी पुरणार?

व्हीसीडीची गोष्ट आणखी बिकट. तिच्यावर फक्त ३५२ बाय २८८ ठिपके असतात. ती मोठ्या पडद्यावर धूसर दिसणारच, त्यासाठी प्लेअर बदलत बसू नका.

'एका डिस्कवर तीन चित्रपट' हाही असाच मामला. दुहेरी थराच्या डिस्कमध्ये ८.५ जीबी मावतात. त्यात दोन तासांचा एकच चित्रपट असेल तर सेकंदाला साधारण ९ मेगाबिट वाट्याला येतात, आणि डीव्हीडीची कमाल मर्यादा दहाच्या आसपासच आहे. त्याच जागेत सात तास कोंबले की वाट्याला पावणेतीन मेगाबिटही येत नाहीत, तेही आवाज धरून. मग गर्दीच्या, नाचाच्या, पावसाच्या दृश्यात चौकडे दिसू लागतात. ती माहिती डिस्कवर टाकलेलीच नाही, ती कुठलाही प्लेअर परत आणू शकत नाही.

किती अंतरावर बसता याचाही हिशेब आधीच करा. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं बारीक दिसतं असं धरलं, तर ५७६ ओळींचं चित्र पडद्याच्या उंचीच्या साधारण सहापट अंतरावरून रेखीव वाटतं. ३२ इंची टीव्हीला हे अंतर आठ फूट, ४३ इंचीला साडेदहा फूट, ५५ इंचीला साडेतेरा फूट. आपल्या फ्लॅटमधल्या हॉलमध्ये सोफा आणि भिंत यांच्यात साडेतेरा फूट कुठून आणायचे! त्यामुळे ५५ इंचीवर डीव्हीडी थोडी मऊ दिसणारच. मऊ चालेल. दातेरी कडा, थरथर आणि विटके रंग मात्र चालवून घ्यायचे नाहीत, कारण ते टाळता येतात.

आधी घरातला प्लेअर तपासा

नवीन घेण्याआधी टीव्हीच्या मागे हात घाला. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिनांची केबल असेल तर चित्र एकट्या पिवळ्या तारेतून येतंय. या कंपोझिट तारेत उजेड आणि रंग एकत्र मिसळून पाठवतात आणि टीव्हीला ते पुन्हा वेगळे करावे लागतात. ते कधीच पुरते वेगळे होत नाहीत. बारीक चौकटीच्या शर्टवर इंद्रधनुषी झाक येते, लाल अक्षरांच्या कडेला मुंग्या चालल्यासारखं दिसतं. चित्र वाईट दिसण्याचं हे सगळ्यात मोठं आणि सगळ्यात सोप्या उपायाचं कारण.

प्लेअरला हिरवी, निळी, लाल अशा तीन पिनांचं कंपोनंट आउटपुट असेल तर ते कंपोझिटपेक्षा खूपच चांगलं. पण नव्या टीव्हींमधून ती जागा जवळपास गेलीच आहे. एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच डिजिटल तारेतून नेणारी जोडणी, असेल तर प्रश्नच मिटला. काही घरांत एचडीएमआय असूनही पिवळी तार लावलेली असते, कारण प्लेअर आणला तेव्हा टीव्ही जुना होता. अशा घराने हा लेख इथेच सोडून केबल बदलावी आणि थेट सेटिंगच्या भागाकडे यावं.

पिवळ्या तारेचं एचडीएमआय करून देणाऱ्या छोट्या डब्या मिळतात, त्यांच्यावरही '१०८०पी' छापलेलं असतं. टीव्हीला पिवळ्या तारेची जागाच नसेल तर ती डबी कामाची, एरवी नाही. तारेत मिसळलेला रंग ती डबी काही जादूने वेगळा करत नाही. घेणारच असाल तर दिशा बघून घ्या. एव्हीचं (म्हणजे त्याच पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारेचं) एचडीएमआय करणारी डबी आणि एचडीएमआयचं एव्ही करणारी डबी दिसायला सारख्या असतात आणि दुकानात हमखास उलटी हातात पडते.

एचडीएमआय केबलवर मात्र पैसे उधळू नका. १०८०पीसाठी दीड-दोन मीटरची साधी हाय स्पीड केबल पुरते. सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग केबलने चित्र तसूभरही बदलत नाही. एकतर सिग्नल नीट पोचतो, नाहीतर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो.

खरा निकष: डीइंटरलेसिंग

जुना टीव्ही पूर्ण चित्र एकदम काढत नसे. आधी एकआड एक ओळी, मग राहिलेल्या ओळी, अशी सेकंदाला ५० अर्धी चित्रं तो काढायचा. याला इंटरलेस्ड म्हणतात आणि डीव्हीडीवर चित्र याच पद्धतीने साठवायची सोय आहे. आजचा सपाट टीव्ही पूर्ण चित्रच दाखवतो, म्हणून दोन अर्धी जोडून एक करावी लागतात. हे जोडकाम म्हणजे डीइंटरलेसिंग.

चित्रपटाच्या बाबतीत काम सोपं असतं. मूळ फिल्मच्या एकाच चौकटीचे दोन अर्धे झालेले असतात, ते नुसते जुळवले की अख्खं चित्र परत मिळतं. नाटक, मालिका, लग्न हे व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित होतं. तिथे प्रत्येक अर्धं चित्र वेगळ्या क्षणाचं असतं. दोन अर्ध्यांच्या मधल्या काळात नटाचा हात पुढे गेलेला असतो, ती दोन्ही आंधळेपणाने जोडली की हाताच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. चांगली चिप हललेला भाग ओळखते, तिथे एकाच अर्ध्यावरून अंदाज करते आणि स्थिर भागात दोन्ही अर्धी वापरते. वाईट चिप सगळीकडेच एक अर्धं फेकून देते. म्हणजे ५७६ ओळींतल्या २८८च उरतात आणि तिरप्या रेघा जिन्यासारख्या दिसतात.

डिस्कवर 'ही फिल्म आहे' किंवा 'हा व्हिडिओ आहे' अशी खूण असते. स्वस्त प्लेअर त्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. आपल्याकडच्या अनेक डिस्कवर ती खूण चुकीची असते, कारण त्या मास्टर टेपवरून घाईत बनवल्या गेल्या. शिवाय पॅलचं एनटीएससी किंवा उलट करताना चित्रं एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणून खुणेऐवजी प्रत्यक्ष चित्र बघून ठरवणारा प्लेअर परदेशी डिस्कपेक्षा भारतीय डिस्कसाठी जास्त गरजेचा.

आता मुख्य मुद्दा. प्लेअरच्या मेन्यूत आउटपुट ५७६पी ('पी' म्हणजे प्रोग्रेसिव्ह, जोडून झालेलं पूर्ण चित्र) केलं की अपस्केलिंगचं काम टीव्हीकडे जातं. प्लेअरचं अपस्केलिंग वाईट असलं तरी ते असं टाळता येतं. डीइंटरलेसिंग मात्र टाळता येत नाही, कारण बहुतेक स्वस्त प्लेअर एचडीएमआयवरून ५७६पीच्या खाली उतरतच नाहीत. 'पी' आला की जोडकाम प्लेअरने केलंच. त्यामुळे प्लेअरची परीक्षा घ्यायची ती या एकाच विषयात. एखाद्या प्लेअरच्या मेन्यूत एचडीएमआयसाठी ५७६आय किंवा ४८०आय ('आय' म्हणजे इंटरलेस्ड) असा पर्याय सापडला तर तो हातचा सोडू नका. तो डिस्कवरचं चित्र जसंच्या तसं टीव्हीकडे देतो आणि जोडकामही टीव्ही करतो. कॅलिफोर्नियातल्या ओप्पो डिजिटलचा डीव्ही-९८०एच याच गुणासाठी हौशी लोकांत नावाजलेला होता. कंपनीने २०१८ साली प्लेअर बनवणंच थांबवलं, त्यामुळे तो मिळाला तर जुन्या बाजारातच.

कोणतं यंत्र घ्यायचं

सरळ रस्ता म्हणजे एचडीएमआय असलेला साधा नवा डीव्हीडी प्लेअर. मोठ्या कंपन्यांनी या मालातून अंग काढून घेतलं आहे, त्यामुळे निवड थोडी. सोनीच्या डीव्हीपी-एसआर मालिकेतल्या ५१०एच आणि ७६०एच या मॉडेलना एचडीएमआय आहे. त्याच मालिकेतल्या काही स्वस्त मॉडेलना ते नाही आणि लांबून सगळी सारखीच दिसतात. म्हणून प्लेअरची पाठ फिरवून स्वतःच्या डोळ्यांनी बघा. नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे प्लेअर दोन हजारांच्या आतबाहेर मिळतात. त्यातला एखादा उत्तम निघतो, पण त्याच नावाचा पुढच्या खेपेचा माल वेगळ्या चिपचा असू शकतो. त्यामुळे ऑनलाइन शेऱ्यांपेक्षा समोरचा डबा तपासणं महत्त्वाचं. साध्या डीव्हीडी प्लेअरसाठी तीन-साडेतीन हजारांच्या वर जाऊ नये असं मला वाटतं.

दुसरा रस्ता, आणि माझी स्वतःची पसंती, म्हणजे नामांकित कंपनीचा वापरलेला ब्लू-रे प्लेअर. तो डीव्हीडी वाजवतोच. मुळात हाय डेफिनिशन चित्रासाठी बनवलेला असल्यामुळे त्यातली चिप सहसा चांगली असते आणि भारतीय डिस्कच्या चुकीच्या खुणांना ती कमी फसते. सोनीचे बीडीपी-एस१५०० किंवा एस३७०० यांसारखे प्लेअर शोधण्यासारखे. सॅमसंगने २०१९ साली अमेरिकेत नवी ब्लू-रे मॉडेलं आणणं बंद केलं, त्यामुळे या कंपनीचा प्लेअर घेताना दुरुस्तीची सोय आधी विचारा. आणि घरात व्हीसीडी भरपूर असतील तर सावध राहा. अनेक ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाजवत नाहीत.

गेमिंग कन्सोलचाही विचार करा. प्लेस्टेशन ३ला २००७ सालच्या सॉफ्टवेअर अपडेटने डीव्हीडी अपस्केलिंग मिळालं आणि ते तेव्हाच्या स्वस्त प्लेअरपेक्षा कितीतरी वरचढ होतं. भाच्याने नवा कन्सोल घेतल्यावर जुना माळ्यावर गेला असेल तर खर्च शून्य. प्लेस्टेशन ४ डीव्हीडी वाजवतो, पण सीडीच वाचत नाही, म्हणजे गाण्यांच्या सीडी आणि व्हीसीडी दोन्ही बाद. पंखा आवाज करतो, वीज जास्त खातो आणि आजीच्या हातात गेम कंट्रोलर देणं अवघड. हे तोटे धरूनच ठरवा.

तिसरा रस्ता संगणकाचा: यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह, जुना लॅपटॉप आणि व्हीएलसी. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेन्यूत डीइंटरलेस चालू करून पद्धत 'यादिफ' निवडली तर नाटकांच्या डिस्क थक्क व्हावं इतक्या चांगल्या दिसतात. रोज वापरायला कटकटीचं आहे, पण ज्या घरात चारच डिस्क बघायच्या आहेत तिथे प्लेअर आणण्याचंही कारण नाही.

रीजन, पॅल-एनटीएससी आणि अमेरिकेतली मावशी

डीव्हीडीसाठी जगाचे सहा भाग म्हणजे रीजन पाडलेले आहेत, आणि एका भागाची डिस्क दुसऱ्या भागातल्या प्लेअरवर सहसा चालत नाही. भारत पाचव्यात, अमेरिका पहिल्यात, युरोप आणि जपान दुसऱ्यात. भारतीय कंपन्यांच्या बहुतेक डिस्क सगळ्या रीजनसाठी खुल्या असतात, अडचण परदेशी डिस्कची. तुमच्याकडे त्या असतील तर 'ऑल रीजन' प्लेअर मागा आणि परदेशी डिस्क दुकानातच लावून बघा. दुकानदाराच्या 'सगळं चालतं' यावर विसंबू नका. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये रीजन पाचदाच बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो, हे मुलांना आधी सांगून ठेवा.

भारतात विकलेले प्लेअर पॅल आणि एनटीएससी दोन्ही वाजवतात. अमेरिकेत विकलेले बरेचसे फक्त एनटीएससी. न्यू जर्सीतल्या मावशीकडे इथून नेलेली लग्नाची डिस्क चालत नाही ती यामुळे. तिच्यासाठी घ्यायचा असेल तर पॅलचं एनटीएससी करून देणारा प्लेअर तिथेच बघावा. उलट तिच्याकडून इथे येणाऱ्या प्लेअरच्या मागे १२० व्होल्ट लिहिलंय की १०० ते २४०, हे प्लग लावण्यापूर्वी वाचा.

पॅल डिस्कवरचा चित्रपट सहसा चार टक्के वेगाने पळतो, कारण सेकंदाला २४ चौकटींची फिल्म २५ने चालवतात. दोन तासांचा चित्रपट पाच मिनिटं आधी संपतो आणि गाणीही किंचित चढ्या सुरात ऐकू येतात. पेटी घेऊन सोबत वाजवणाऱ्यांच्या हे लगेच लक्षात येतं. बिघाड समजून प्लेअर परत करायला जाऊ नका.

दुकानात काय बघायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, अशा ठिकाणची छोटी दुकानं डिस्क लावून दाखवायला सहसा तयार होतात. मोठ्या शोरूममध्ये त्यांचीच चकचकीत डिस्क लावतात, तिच्यावर काहीच कळत नाही. स्वतःच्या चार डिस्क न्या: एक नाटक किंवा मालिका, एक चित्रपट, एक लग्नाची, आणि एक घरात अडखळणारी, ओरखडे पडलेली.

आधी मेन्यूत जाऊन आउटपुट ५७६पी आणि १०८०पी दोन्ही निवडता येतं का बघा. रिमोटवर रिझोल्यूशनचं वेगळं बटण असेल तर उत्तम. ज्या प्लेअरमध्ये आउटपुट १०८०पीवरच कायम अडकवलेलं आहे, तो मी घेणार नाही.

मग नाटकाची डिस्क. कोणी झटकन वळतंय, हात फिरवतंय अशी जागा शोधा आणि कडा बघा. दाते दिसले की नापास. रंगमंचाच्या तिरप्या कडेवर, जिन्याच्या कठड्यावर, व्यासपीठाच्या पायरीवर कॅमेरा सरकताना पायऱ्या-पायऱ्या रांगताना दिसल्या तर चिप एक अर्धं फेकून देतेय. वर सरकणारी श्रेयनामावली ही सगळ्यात कडक परीक्षा. अक्षरं थरथरता कामा नयेत.

चित्रपटात कौलारू छप्पर, विटांची भिंत, खिडकीचे गज यांवरून कॅमेरा सावकाश फिरणारी जागा लावा. तिथे लहरी उठल्या किंवा भिंत लुकलुकली तर प्लेअरला फिल्म ओळखता आलेली नाही. काही प्लेअर पहिलं अर्धं सेकंद गडबडतात आणि मग सावरतात. ते चालेल. मधूनमधून पुन्हा पुन्हा निसटणारा नको.

लग्नाच्या डिस्कवर लाल रंग बघा. नवरीचा शालू, कुंकू, मंडपाचे लाल पडदे. लाल भागाच्या कडेला आडव्या बारीक रेघा दिसत असतील तर ती प्लेअरमधली रंग उलगडण्याची चूक आहे, कुठल्याही सेटिंगने ती जात नाही. आपल्या समारंभांत लाल इतका असतो की ही चूक सतत खुपत राहते. लग्नाची डिस्क बहुधा लिहिता येणारी म्हणजे डीव्हीडी-आर असते, तिच्यावरून लेझरची ताकदही कळते. छापील डिस्क झटकन घेणारा प्लेअर डीव्हीडी-आरवर अर्धा मिनिट घरघरत असेल तर त्याची लेन्स कमजोर आहे. वापरलेला प्लेअर घेताना तर ही चाचणी सोडूच नका. लेन्स बदलून मिळते, पण भाव करताना तो खर्च वजा करून सांगायचा.

ओरखड्यांच्या डिस्कवर थोडं थबकून पुढे जाणारा प्लेअर चांगला, कायम गोठणारा नको. चित्रपटाच्या मध्याला एकदाच क्षणभर थांबलं तर तो दोन थरांमधला बदल आहे, दोष नाही. शेवटी आवाज बंद करून प्लेअरजवळ कान न्या. शांत दृश्यात डिस्कची गुरगुर सोफ्यापर्यंत आली तर पुढे रोज वैताग येतो.

घरी आल्यावर सेटिंग

प्लेअरच्या मेन्यूत 'टीव्ही टाइप' १६:९ करा. अनेक प्लेअर ४:३ लेटरबॉक्सवर येतात. तसंच राहिलं तर रुंद पडद्याच्या चित्रपटातल्या एक चतुर्थांश ओळी प्लेअरच काढून टाकतो आणि टीव्ही ते उरलेलं चित्र पुन्हा ताणतो. मेन्यूतल्या एका ओळीने एवढं चित्र वाया जाणारं दुसरं काही मला माहीत नाही.

'टीव्ही सिस्टीम' ऑटो किंवा मल्टी ठेवा. पॅलवर अडकवलं तर एनटीएससी डिस्कचं रूपांतर प्लेअर घिसाडघाईने करतो आणि चित्र झटके खात सरकतं. रंगाची पद्धत निवडता येत असेल तर आरजीबीऐवजी वायसीबीसीआर निवडा. प्लेअरमधले ब्राइटनेस, शार्पनेस वगैरे शून्यावर ठेवून सगळं टीव्हीवरच जुळवा.

आता आउटपुट. आधी ५७६पी लावून एक दृश्य बघा, मग १०८०पी लावून तेच दृश्य. चेहऱ्यावरचे बारकावे आणि केसांच्या कडा बघून ठरवा. फरक दिसला नाही तर ५७६पी. १०८०आय मात्र कधीच नको, कारण एकदा जोडलेलं चित्र पुन्हा अर्धं करून पाठवण्यात काय अर्थ? १०८०पीवर हिरवा रंग आणि कातडीचा रंग वेगळाच वाटत असेल, तर काही प्लेअर मोठं चित्र पाठवताना रंगाचं गणित बदलायला विसरतात, हे त्याचं कारण. तेव्हाही ५७६पीकडेच या.

टीव्हीवर पिक्चर मोड 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' करा. सुरुवातीला चित्र पिवळट वाटेल, दोन दिवसांत डोळे सरावतात. शार्पनेस शून्याच्या जवळ आणा (काही कंपन्यांच्या टीव्हीत निष्क्रिय जागा मध्यावर असते, अक्षरांभोवतीची पांढरी किनार जिथे नाहीशी होते ती जागा तुमची). मऊ चित्र धारदार करायला लोक शार्पनेस वाढवतात आणि डिस्कवरचे चौकडेच धारदार करून बसतात. मोशन स्मूदिंग (मधली चित्रं अंदाजाने घालून हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद. कोंबलेल्या डिस्कसाठी नॉइज रिडक्शन 'लो'वर ठेवायला हरकत नाही. 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' चालू करा, म्हणजे कडा कापल्या जाणार नाहीत. काळा भाग राखाडी दिसत असेल किंवा अंधारातलं सगळं बुडत असेल, तर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल 'लो' आणि 'नॉर्मल'मध्ये बदलून बघा.

चारही बाजूंनी काळी पट्टी दिसणारी डिस्क म्हणजे जुन्या पद्धतीने छापलेली. तिथे टीव्हीचं 'झूम' वापरा, खालच्या सबटायटलवर लक्ष ठेवून. जुनी नाटकं आणि मालिका ४:३मध्येच बघा. कडेच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून सगळ्या नटांना जाडं करणं बरं नव्हे.

आवाजाचं थोडक्यात. साउंडबार टीव्हीच्या एआरसीला (टीव्हीतून आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआयच्या जागेला) जोडला असेल तर प्लेअरचं ऑडिओ आउटपुट 'बिटस्ट्रीम' करा, डॉल्बी डिजिटल तसंच पुढे जातं. आवाज येईनासा झाला तर 'पीसीएम'. ओठ आणि आवाज जुळत नसतील तर साउंडबारमध्ये ऑडिओ डिलेचं सेटिंग शोधा.

हे सगळं प्लेअर बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी करा, कारण पूर्ण तापल्यावर अडखळणारा प्लेअर दुकानातल्या दहा मिनिटांत सापडत नाही. पहिल्याच आठवड्यात एक अख्खा तीन तासांचा चित्रपट सलग लावा. आणि लग्नाच्या, मुंजीच्या डिस्क संगणकावर उतरवून दोन ठिकाणी ठेवा. लिहिता येणाऱ्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर वर्षांगणिक फिका पडतो, मग लेन्स कितीही चांगली असो. उतरवण्यापूर्वी डिस्क मऊ सुती कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो आणि लांबच लांब भाग वाचता येईनासा होतो.